लाल टोपीचा पुरावा

२ मार्च, सोमवार

रोजनिशी लिहिणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. दिवसभरात काय झालं ते ज्याला वहीला सांगावं लागतं, त्याच्या घरी ऐकायला कोणी नसतं, इतकाच त्याचा अर्थ. माझ्या घरी ताई आहे. तेव्हा ही रोजनिशी नव्हे, प्रयोग आहे, हे आधीच लिहून ठेवतो.

झालं असं की ताईने आणि मी मिळून लिहिलेल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचं परीक्षण आज एका मासिकात आलं. परीक्षक कोण कुठला, नाव कधी ऐकलेलं नाही. तो म्हणतो, तत्त्वज्ञ ज्याला वस्तुनिष्ठ सत्य म्हणतात, ती बहुधा त्यांच्याच मनातली एखादी जुनी भीती असते, नीट भांग पाडून चारचौघांत आणलेली. इथवर ठीक. इतरांच्या बाबतीत हे आम्हीही म्हणतो. ताई आणि मी तर जेवताना हा खेळच खेळतो. ज्याचं अंथरूण कधी आवरलेलं नसतं, त्याला विश्वात कमालीची व्यवस्था दिसते. ज्याला चारचौघांत बोलायला जमत नाही, तो मौनालाच परमज्ञान ठरवतो. पण हा गृहस्थ पुढे लिहितो, 'प्रस्तुत लेखक "खरं ते कुठे जात नाही" हे इतक्या वेळा बजावतात, की कोणीतरी उठून जाईल याची त्यांना धास्ती आहे की काय, अशी शंका येते.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई मात्र खुर्चीत मागे रेलून खदखदा हसली.

"बरं लिहिलंय की रे, छोट्या."

मी चोपन्न वर्षांचा आहे. कॉलेजात मला बघून मुलं जिन्यावर आवाज कमी करतात. घरी मी छोट्या.

तर प्रयोग असा. दुसऱ्या खंडाचं नववं प्रकरण माझ्याकडे आहे. ते संपेपर्यंत घरात काय घडलं आणि प्रकरणात मी काय सिद्ध केलं, दोन्ही इथे टिपून ठेवायचं. शेवटी कोणीही वाचून बघावं, एकाचा दुसऱ्याशी काडीचाही संबंध दिसणार नाही. मग हे सगळं परिशिष्ट म्हणून छापायचं आणि त्या गृहस्थाला एक प्रत सप्रेम भेट पाठवायची.

घर: जेवायला ताईने सूप केलं होतं, माझ्या आवडीचं.

प्रकरण: जगात मुळात सगळं ठीकठाक आहे, हे सिद्ध केलं.

४ मार्च, बुधवार

नवव्या प्रकरणाचा पाया घातला. प्रश्न असा की पुरावा लागतच नाही असं ज्ञान असतं का? असतं. उदाहरण माझं स्वतःचंच घेतलं. बालवर्गाचा पहिला दिवस. मला वर्गात बसवून ताई म्हणाली, "मी कुठे जात नाही. इथेच खिडकीशी उभी आहे." खिडकी उंच, ताई तेव्हा चौथीत. त्यामुळे मला दिसायची ती फक्त तिची लाल लोकरीची टोपी आणि तिच्यावरचा गोंडा. मधूनच गोंडा हलायचा, म्हणजे ताई मान डोलवायची. आपला हात आपलाच आहे हे जसं माहीत असतं, तसं ती तिथे आहे हे मला माहीत होतं. वर्षभर रोज ती टोपी तिथे होती आणि मला एकदाही शंका आली नाही. याला म्हणतात निश्चित ज्ञान. यावर अख्खा खंड उभा राहू शकतो, आणि राहणार आहे.

(मी बालवर्गात गेलो ते आई गेली त्या वर्षी. 'आलेच हं' म्हणून ती दवाखान्यात गेली होती. पण त्याचा इथे संबंध नाही.)

ताईला वाचून दाखवलं. एरवी ती वाक्यावाक्याला तोंड घालते. आज काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि चहा टाकायला उठली. उदाहरण भिडलं असावं.

७ मार्च, शनिवार

शनिवार म्हणजे अदलाबदल. परीक्षकमहाशयांच्या माहितीसाठी सविस्तर लिहितो.

आमच्या खोलीत दोन टेबलं समोरासमोर लावलेली आहेत. माझी खुर्ची उशीची, ताईची सरळ पाठीची, लाकडी. शनिवारी नाश्ता झाला की आम्ही खुर्च्या बदलतो. ताईच्या खुर्चीत बसलो की मी ताई, आणि माझ्या खुर्चीत ती बसली की ती मी. स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ लावायचं आणि ते वाजेपर्यंत समोरच्याचं म्हणणं 'मी', 'मला' म्हणत जीव तोडून मांडायचं. घड्याळ चालू असताना खुर्चीतून उठायचं नाही. लबाडी चालत नाही. मुद्दाम लंगडं बोललं तर आठवडाभर भांडी. या चाळणीतून पार पडलेलं वाक्यच आमच्या ग्रंथात जातं. वस्तुनिष्ठता म्हणतात ती आणखी काय वेगळी असते?

आज ताईने माझी बाजू मांडली, फार झकास मांडली. मी झाली की ती चष्मा कपाळावर चढवते आणि दर दोन वाक्यांनी 'उघडच आहे' म्हणते. मी असं कधीही म्हणत नाही, हे उघडच आहे.

डावीकडची दाढ ठणकतेय. प्रकरण: शारीरिक वेदना ज्ञानाच्या दृष्टीने गौण असते, असं सकाळी लिहिलं. दुपारी खोडलं. संध्याकाळी 'वेदना हेच एकमेव वास्तव' असं लिहिलं. उद्या बघू.

११ मार्च, बुधवार

ताई मला दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी एकटा गेलो असतो, पण ती म्हणाली, "तू दारातून परत येशील."

डॉक्टर साठीचे, गोलमटोल, काम करताना गुणगुणणारे. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, ही माहिती ताईने बोलता बोलता काढून घेतली. माझ्या तोंडात नळी असल्यामुळे मला संभाषणात भाग घेता आला नाही. मध्येच ते म्हणाले, "तत्त्वज्ञांना 'आ करा' म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. घरी तुम्हाला 'मिटा' म्हणावं लागत असेल, नाही का हो मॅडम?" ताई इतकी हसली, इतकी हसली, की तिच्याही दाढा दिसल्या. विनोद सुमार होता.

दाढ भरून झाली, दुखायची थांबली. प्रकरण: काहीतरी सुखद वाटणं हा सत्याचा पुरावा नव्हे. हसू येणं तर मुळीच नव्हे.

१४ मार्च, शनिवार

ताई स्वतःचे दात दाखवून आली. या आठवड्यात दुसऱ्यांदा. दातांना काहीही झालेलं नाही.

"काही झालेलं नाही तर जातेस कशाला?"

"काही झालेलं नाही ना, याची खात्री करून घ्यायला."

यात मला तार्किक खोट काढता आली नाही, हे नमूद करतो.

हल्ली ती घरात गुणगुणते. कुठलं गाणं म्हणून विचारलं तर म्हणाली, "कुठलंच नाही रे, असंच." आमच्या गावी उन्हाळ्यातही सकाळ-संध्याकाळ गारठा असतो, त्यामुळे फिरायला जाताना ती अजूनही लाल लोकरीची टोपी घालते. ती जुनी नव्हे, त्या जुनीच्या जागी आलेली कितवी तरी. आज तिने ती आरशात बघून घातली, आणि मग थोडी तिरकी केली. टोपी तिरकी करायचं कारण काय?

प्रकरण: बदल हा निव्वळ आभास असतो. पुराव्यादाखल भरपूर उपमुद्दे जोडले.

१९ मार्च, गुरुवार

कॉलेजातून आलो तर ताई दारातच म्हणाली, "छोट्या, बस जरा." मी बसलो. म्हणाली, "नीट बस."

डॉक्टरांनी तिला लग्नाचं विचारलं आहे. तिने अजून हो म्हटलेलं नाही. "म्हणायचंय," ती म्हणाली, "पण आधी तुझ्याशी बोलते." लग्न झालं की ती त्यांच्याकडे राहायला जाणार. त्यांचं घर टेकडीपलीकडे, दोन बस बदलून. दवाखाना घराखालीच असल्यामुळे त्यांना घर सोडता यायचं नाही.

मी अगदी शांतपणे ऐकून घेतलं. म्हटलं, "हा तुझा खासगी प्रश्न आहे. यात मला मत नाही." मग चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि ताई बघतेय म्हणून सगळा पिऊन टाकला.

प्रकरण: आज हात थांबलाच नाही. पानंच्या पानं झाली. सिद्धान्त असा की आपुलकीने माणसाची नजर गढूळ होते. ज्याला सत्य हवं आहे त्याने नव्या ओळखी वाढवू नयेत, विशेषतः पन्नाशीनंतर. युक्तिवाद इतका निर्विकार उतरलाय की परत वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

२१ मार्च, शनिवार

अदलाबदल झाली नाही. ताई डॉक्टरांबरोबर तळ्यावर फिरायला गेली. शनिवारी!

म्हटलं, ती मोडो, मी शिस्त मोडणार नाही. दोन्ही बाजू मीच मांडेन. घड्याळ लावलं. उशीच्या खुर्चीतून मुद्दा मांडायचा, उठायचं, टेबलाला वळसा घालून लाकडी खुर्चीत बसायचं, तोच मुद्दा खोडून काढायचा, परत उठायचं. उठायचं नाही हा नियम तेवढा बाजूला ठेवावा लागला. गुडघे बोलायला लागले. घड्याळ वाजलं तेव्हा मी हरलो होतो आणि जिंकलेला मी कुठल्या खुर्चीतला, ते काही केल्या आठवेना. भांडी घासून टाकली.

प्रकरण: सत्य तपासायला बरोब्बर दोन माणसं लागतात. एक पुरत नाही, हे आज प्रयोगानेच कळलं. आणि तिसरा आला की वस्तुनिष्ठता बिघडते. हे मी भूमितीसारखं पायरी पायरीने सिद्ध केलं आहे. कोणीही बोट ठेवून दाखवावं.

२२ मार्च, रविवार

ताईला वाचून दाखवलं.

"छान आहे. पण पहिल्या खंडात आपण लिहिलंय, सत्य कितीही जणांनी तपासलं तरी तेच राहतं."

"विचार प्रगल्भ होत जातो."

"कधी झाला? गुरुवारी संध्याकाळी?"

मी कागद आवरले. रागावलेल्या माणसाने वाद घालू नये, आणि रागावलेला मी होतो.

२४ मार्च, मंगळवार

वर्गात तोच सिद्धान्त शिकवला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मग आम्ही सगळे बाहेर जातो, एकाला ठेवून जातो तुमच्यासोबत." वर्ग हसला. मीही हसलो, मग लक्षात आलं आणि थांबलो. नव्या पिढीला गांभीर्य कमी.

२६ मार्च, गुरुवार

डॉक्टर जेवायला आले. माणूस वाईट नाही, हे कुठलाही पूर्वग्रह न ठेवता नोंदवतो. येताना सफरचंदं आणली. जेवण झाल्यावर मी त्यांना तिसऱ्या माणसाचा सिद्धान्त वाचून दाखवला, म्हणजे कळावं. त्यांनी मान डोलवली. पुन्हा डोलवली. त्यानंतर जी खाली गेली ती वर आलीच नाही. घोरायला लागले! मी आवाज चढवला तर ताईच मला म्हणाली, "हळू रे, दिवसभर उभे असतात ते." आणि तिने त्यांच्या अंगावर शाल टाकली. माझी शाल.

मी बघत होतो. तिने शाल त्यांच्या खांद्याशी खोचली, अगदी हलक्या हाताने, आणि मग काही काम नसताना तिथेच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी याआधी पाहिलेलं नाही. ताईचे सगळे चेहरे मला पाठ आहेत अशी माझी समजूत होती. मी उठून खिडकी उघडली. सूप जास्त झालं असणार.

प्रकरण: काही लिहिलं नाही.

२८ मार्च, शनिवार

ताईने आज सरळच विचारलं. "छोट्या, काय ते एकदा सांगून टाक. तू नको म्हणालास तर मी जाणार नाही, आणि पुन्हा हा विषयही काढणार नाही. पण खरं काय ते सांग."

घ्या! म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. हो म्हणवेना, नाही म्हणायला जीभ रेटेना. तेवढ्यात मला सुचलं.

"अदलाबदल करू या," मी म्हटलं. "विषय: ताईने जावं का? निकाल लागेल तो दोघांनी मानायचा. यापेक्षा निष्पक्ष मार्ग नाही."

ताई माझ्याकडे बघत राहिली. "नक्की? विचार केलायस?"

"उघडच आहे."

पुढच्या शनिवारी ठरलं. एवढी साधी गोष्ट, आणि मी आठ दिवस उगाच घुसमटलो. तिने न जाण्याची माझी कारणं इतकी भक्कम आहेत, की निकालाची मला चिंताच नाही.

३१ मार्च, मंगळवार

तयारी जोरात. ग्रंथ अपुरा आहे. टेकडीपलीकडे हवा दमट असते. दात हा विषय माणसाला आयुष्यभर पुरणारा नाही. बसमध्ये ताईला मळमळतं. गुणगुणणाऱ्या माणसाशेजारी बसून विचार करता येत नाही. 'सूप' असंही एक कारण लिहिलं होतं, ते वैयक्तिक वाटलं म्हणून खोडलं. मग पुन्हा लिहिलं आणि 'आहार' असं नाव दिलं.

३ एप्रिल, शुक्रवार

दाढी करता करता लक्षात आलं आणि हात थबकला.

उद्या मी ताईच्या खुर्चीत बसणार. म्हणजे जाण्याची बाजू मला मांडायची आहे, जीव तोडून. आणि माझी भक्कम कारणं ताईच्या हातात! तीस वर्षं पाळलेला नियम, मीच तो परीक्षकाला फुशारकीने समजावून सांगितला, आणि मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. जगात दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती.

मुद्दाम लंगडं बोलावं का? फार तर आठवडाभर भांडी... छे. ताईसमोर लबाडी मी आयुष्यात केलेली नाही, आणि मला ती जमणारही नाही.

भीती वाटतेय. लिहून टाकलं एकदाचं. मला भीती वाटतेय.

४ एप्रिल, शनिवार

घड्याळ लावलं. मी लाकडी खुर्चीत बसलो. ही खुर्ची किती कडक आहे ते दर शनिवारी नव्याने कळतं. तिने कधी उशी मागितली नाही आणि मी कधी विचारलं नाही.

थंड डोक्याने सुरुवात केली. "मी अठ्ठावन्न वर्षांची आहे," मी ताई म्हणून म्हणालो. "मला एक माणूस आवडलाय. त्याचे विनोद सुमार आहेत आणि मला ते आवडतात."

समोर ताईने ओठ दाबले.

"माझा भाऊ मोठा झालाय. सूप त्याला येत नाही, पण ते शिकता येतं. चौथीत असताना मी त्याला म्हटलं, मी कुठे जात नाही. आणि खरंच गेले नाही. आधी शाळेच्या खिडकीशी उभी राहिले, मग त्याच्या परीक्षांच्या वेळी, मग या खोलीत. मला कुणी बस म्हटलं नाही. आता माझे पाय दुखतात. आता मला खिडकीशी उभं राहायचं नाही."

यातलं काहीही मी ठरवून आणलं नव्हतं. त्या खुर्चीत बसलो आणि ते आपोआप आलं. मी बोलत राहिलो. "मला जायचंय. तो रडेल म्हणून मी थांबले तर मला त्याचा राग येईल. आणि मला त्याचा राग करायचा नाही, तो माझा फार लाडका आहे."

मग ताईची पाळी. तिने चष्मा कपाळावर चढवला.

"ताईने जाऊ नये," ती म्हणाली, "उघडच आहे. आई 'आलेच' म्हणाली आणि आली नाही. ताई 'जात नाही' म्हणाली आणि गेली नाही. पुढे मी जे जे शिकलो, लिहिलं, सिद्ध केलं, ते सगळं ताईच्या त्या एका वाक्यावर उभं आहे. खरं ते कुठे जात नाही. आता ताईच गेली तर..."

ती थांबली. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि उठली. घड्याळ चालू असताना उठली! तीस वर्षांत पहिल्यांदा.

"छोट्या, मी तिथे नव्हतेच."

"कुठे?"

"खिडकीशी. अरे, मला माझा वर्ग नव्हता का? शिपायाकडून लांब दांड्याचा झाडू मागून घेतला, भिंतीला टेकवला, वर टोपी अडकवली आणि गेले माझ्या वर्गात."

"पण गोंडा हलायचा!"

"वारा यायचा."

मी आ वासला, या वेळी कुणी न सांगता. "वर्षभर?"

"कसलं डोंबलाचं वर्षभर! मला सर्दी झाली, म्हणून दोन-तीन दिवसांतच टोपी काढून घेतली. म्हटलं, आता हा शाळा डोक्यावर घेणार. मधल्या सुट्टीत धावत येऊन बघते तर तू शेजारच्या मुलाच्या वहीत मांजर काढत होतास. जीभ बाहेर काढून, अगदी खुशीत. खिडकीकडे बघितलंसुद्धा नाहीस. खरं सांगू? मीच थोडी रडले."

"मग मी उदाहरण वाचून दाखवलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलणार होते रे. पण तू म्हणालास, यावर अख्खा खंड उभा करणार. मग माझी हिंमतच झाली नाही."

तेवढ्यात घड्याळ कोकललं. आम्ही दोघं दचकलो, आणि ताईला हसू फुटलं. मलाही. झाडूच्या दांड्यावर उभं असलेलं माझं निश्चित ज्ञान! हसता हसता मी रडायला लागलो, मग तीही, आणि मग रडता रडता तिने डोक्यावर मूठ धरून गोंडा कसा हलायचा ते दाखवलं.

निकाल: जाण्याची बाजू जिंकली. म्हणजे जिंकलो मीच.

५ एप्रिल, रविवार

सकाळपासून डोक्यात एकच. टोपी होती तेव्हा ताई तिथे नव्हती. पुढे टोपीही नव्हती. आणि मी बसलो होतो. पाच वर्षांचा, एकटा, मांजर काढत. रडलो नव्हतो.

इतकी वर्षं मी ताईला त्या खिडकीशी उभं करून ठेवलं, आणि तिच्यावाचून माझं तिथे काहीही अडलेलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, "आमच्या ताईला बसायला कडक खुर्ची देऊ नका." ते म्हणाले, "माझ्याकडे एक खुर्ची आहे, ती कळ दाबली की पार मागे झुकते. फक्त डोळ्यांवर दिवा येतो." विनोद सुमार होता. मी हसलो.

२६ एप्रिल, रविवार

परवा लग्न झालं, नोंदणी कचेरीत. साक्षीदार म्हणून मी सही केली. या वेळी स्वतः हजर राहून, प्रत्यक्ष बघून.

आज ताई गेली. पुस्तकं आधीच पोचली होती, उरली होती एक बॅग. डॉक्टर खाली गाडीत सामान लावत होते, त्यांचं गुणगुणणं वरपर्यंत ऐकू येत होतं. लाकडी खुर्ची मी नेऊ दिली नाही. शनिवारी ती लागणार, कारण अदलाबदल चालूच राहणार आहे. डॉक्टरही येणार आहेत. त्यांच्यासाठी झोपायची सोय करावी लागेल.

दारात ताई थांबली. लाल टोपी हातातच होती. खिडकीकडे बघून म्हणाली, "टांगून जाऊ का रे तिथे?" थट्टेतच म्हणाली. पण उत्तराची वाट बघत होती.

"नको," मी म्हटलं. "घालून जा. बाहेर गारठा आहे."

तिने आरशात बघून घातली, थोडी तिरकी केली. मी पुढे होऊन आणखी जराशी तिरकी केली. मग ती जिना उतरून गेली.

प्रयोगाचा निष्कर्ष: ही वही पहिल्यापासून वाचून काढली. घर आणि प्रकरण यांच्यात कुठलाही संबंध आढळला नाही. काही ठिकाणी तसा भास होतो, तो योगायोग समजावा. परिशिष्ट छापायचं मात्र रद्द केलंय, उगाच कागद वाया जायला नको. वही चालू ठेवतोय. नववं प्रकरण नव्याने लिहायला घेतलं. सिद्धान्त: जे जातं, तेही खरंच असतं. कारणं निव्वळ तार्किक आहेत.

संध्याकाळी मी सूप केलं. तळाला लागलं. सगळं संपवलं.

आत्ताच ताईचा फोन येऊन गेला.

"काय करतोयस?"

"बसलोय."

"रडत नाहीयेस ना?"

"नाही."

हे विधान मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. ते पूर्णपणे वस्तुनिष्ठ आणि खरं होतं, निदान फोन ठेवेपर्यंत तरी.